मेलो

माणसाला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कसला नाद लागावा, याचे काही संकेत आपल्या समाजात ठरलेले आहेत. पहाटे फिरायला जाणे, शेअर बाजार, कुंडीत मिरच्या लावणे आणि मधुमेह. (मधुमेह हा नाद नव्हे हे मला कळते, पण त्यावर बोलणे हा आहे.) यांपैकी काहीही लागले असते तरी घरच्यांनी समजून घेतले असते. मला लागला तो युरोपातल्या गाण्याच्या स्पर्धेला स्वीडनने कोणाला पाठवावे, याची काळजी करण्याचा.

आता तुम्ही म्हणाल, डोंबिवलीत राहणाऱ्या बँकेतल्या कारकुनाचा आणि स्वीडनचा संबंध काय? संबंध असा, की २०२३ च्या ऑगस्टमध्ये आमची मुलगी तिथे गोथेनबर्गला दोन वर्षे शिकायला गेली. (या गावाचे नाव तिथले लोक 'यतेबोरी' असे काहीतरी उच्चारतात. मी तीन वेळा प्रयत्न करून पाहिला, तेव्हा ही आतून खोकल्याचे औषध घेऊन आली.) कर्ज आमच्याच बँकेचे. बावीस वर्षे मी लोकांच्या अर्जांवर पेन्सिलीने फुल्या मारून 'इथे सही, इथे सही' म्हणत आलो. त्या दिवशी फुल्याही मीच मारल्या आणि काउंटरच्या पलीकडे जाऊन सह्याही मीच केल्या. पोरगी गेली. मागे राहिली तिची स्कूटर. बॅटरी उतरू नये म्हणून दर रविवारी सकाळी खाली जाऊन ती पाच मिनिटे चालू ठेवायची, एवढे काम मला सांगून गेली.

तिच्याशी फोनवर बोलायचे म्हणजे आमचा मजकूर ठरलेला. "जेवलीस का?" "हो." "काय जेवलीस?" "पास्ता." "थंडी आहे?" "आहे." त्या देशात जानेवारीत थंडी आहे का, हे विचारणाऱ्या माणसाला काय उत्तर देणार? मग मी फोन हिच्याकडे द्यायचा आणि मायलेकी पाऊण तास बोलायच्या. बापांना मुलींशी बोलण्याचे विषय देव मोजून देतो आणि ते दहावीच्या निकालापर्यंत संपतात.

आणि २०२४ च्या फेब्रुवारीत, एका दुसऱ्या शनिवारी रात्री फोन वाजला. "बाबा, जागा आहेस? पाठवलंय ते लाव. आमच्या किचनमध्ये सगळे जमलेत. आज मेलो आमच्या गावात आहे!"

मी लावले. साडेबारा वाजले होते. स्वीडनमध्ये संध्याकाळचे आठ. एक मनुष्य आगीच्या ज्वाळांमध्ये उभा राहून हसतमुखाने गात होता.

थोडे समजावून सांगतो. युरोव्हिजन नावाची गाण्याची स्पर्धा १९५६ साली स्वित्झर्लंडमधल्या लुगानोत सुरू झाली. तेव्हा सात देश होते, आता त्याच्या कितीतरी पट आहेत. मे महिन्यात दर देशाने एक गाणे पाठवायचे. गाणे तीन मिनिटांच्या आत संपले पाहिजे (आमच्याकडे तीन मिनिटांत तानपुरा लागत नाही) आणि रंगमंचावर सहाच्या वर माणसे नकोत. जग बघते ती ही मे महिन्यातली स्पर्धा. पण खरे नादी लोक बघतात ते त्याच्या आधीचे: आपल्या देशातून पाठवायचे कोणाला, याची निवड. काही देश ती बंद दाराआड उरकतात. काही मात्र त्याचा जाहीर सोहळा करतात. लग्नापेक्षा पाहण्याच्या कार्यक्रमात जास्त रस असलेली मंडळी आपल्याकडे असतात ना, त्यातला हा प्रकार. लग्नात काय, सगळे ठरलेले असते. पाहण्याच्या कार्यक्रमात अजून काहीही होऊ शकते.

स्वीडनच्या या निवडीचे नाव मेलोडीफेस्टिवालेन. हे १९५९ पासूनचे आहे, आणि एवढे मोठे नाव सहा आठवडे घ्यायचे म्हणजे जबड्याला इजा. म्हणून तिथली जनता लाडाने नुसते 'मेलो' म्हणते. माझी आई मूळची कोकणातली. रात्री साडेबारा वाजता आपला मुलगा अंधारात बसून फोनवर "मेलो, मेलो" करतो आहे हे ऐकून तिने काय समजावे? पदर खोचून, काठी टेकत ती बाहेर आली आणि माझ्या छातीवर हात ठेवून म्हणाली, "डाव्या बाजूला दुखतंय का रे?" फोनवरून ते पोरीने ऐकले. मग तिने ते त्या किचनमध्ये जमलेल्या मंडळींना इंग्रजीत समजावून सांगितले, आणि सहा हजार किलोमीटरवरून एक हशा माझ्या कानात आला. पोरगी इतकी हसलेली मी ती गेल्यापासून ऐकली नव्हती. तिथेच मी या नादात अडकलो.

मेलो गावोगाव फिरते. दर शनिवारी वेगळे गाव, आणि शेवटची फेरी स्टॉकहोमला. प्रेक्षक फोनवरून मते देतात, तीही फुकट. मला सगळ्यात आवडली ती मते मोजण्याची पद्धत. मतदारांचे वयाप्रमाणे गट पाडलेले असतात, आणि दर गटाचे गुण वेगळे जाहीर होतात. तीन ते नऊ वर्षे हा एक स्वतंत्र गट आहे! पंचाहत्तरच्या वरच्यांचाही आहे. म्हणजे आजोबांची पसंती वेगळी, नातवाची वेगळी, आणि दोघांना वजन सारखे. आमच्या घरात जेवायला काय करायचे हे या पद्धतीने ठरले असते तर माझ्या आयुष्यात दोडका आला नसता. मी पडलो पंचेचाळीस ते एकोणसाठच्या गटात. म्हणजे मनाने. प्रत्यक्षात मत पोरगी द्यायची, आणि मी इकडून "अगं, तिला दे, तिचा सूर बघ" म्हणून सांगायचो. सुराचे मला काही कळत नाही. पण सहाव्या मिनिटाला मला मत होते.

नाद एका देशावर थांबत नाही, हे कुठल्याही नादी माणसाला सांगायला नको. हंगाम सुरू होतो डिसेंबरात, अल्बानियापासून. मग जानेवारीपासून रांगच. लिथुआनियाची निवड तर आठवडेच्या आठवडे चालते, तिथल्या लोकांना हिवाळ्यात दुसरे काय काम असणार, असे मी म्हणालो, तेव्हा ही म्हणाली, "तुम्हाला इथे उन्हाळ्यात तरी काय आहे?" फेब्रुवारीतल्या एकेका शनिवारी चार-चार देशांचे निकाल एकाच रात्री. मी बँकेच्या जुन्या लेजरच्या कोऱ्या पानांवर रकाने आखले. देश, गाणे, माझे गुण, पोरीचे गुण, आणि 'शेरा'. शेऱ्यात बहुतेक वेळा 'अन्याय' एवढेच लिहिलेले आहे. या नादात आपले आवडते गाणे हरले म्हणजे हरत नाही. त्याच्यावर अन्याय होतो.

इटलीचा सान रेमो हा या सगळ्यांचा आजोबा. १९५१ पासून चालू आहे, आणि युरोव्हिजनची कल्पनाच त्यावरून निघाली. पाच रात्री चालतो आणि शेवटच्या रात्रीचा निकाल लागतो तेव्हा आमच्याकडे दूधवाला येऊन गेलेला असतो. त्यातली खुबी अशी, की जिंकणाऱ्याने युरोव्हिजनला गेलेच पाहिजे असे नाही. २०२५ साली ऑली नावाचा गायक जिंकला आणि म्हणाला, मला नाही जमत, माझे ठरलेले कार्यक्रम आहेत. मग दुसऱ्या नंबरचा लुचो कोर्सी गेला. पोरीच्या किचनमध्ये यावर मोठा वाद झाला म्हणे: एवढे जिंकून नाही म्हणणारा वेडा की काय? मला मात्र त्यात काही विशेष वाटले नाही. मी तीन वेळा ऑफिसरची बढती नाकारली आहे. बढती म्हणजे बदली. एकदा पोरीची शाळा, एकदा आईचा गुडघा. तिसऱ्या वेळी कारण नव्हतेच, डोंबिवली सोडवेना. माझ्या जागी दुसऱ्या नंबरचा गेला, तो आता कुठे आहे विचाराल तर माझ्या शाखेत साहेब आहे.

पण माझे सगळ्यात लाडके प्रकरण क्रोएशियाचे. त्यांच्या निवडीला 'डोरा' म्हणतात. २०२४ च्या डोरासाठी एका तरुणाने गाणे पाठवले. उमाग नावाच्या समुद्रकाठच्या गावचा. त्याने टोपणनाव घेतले होते बेबी लझान्या. (लझान्या म्हणजे थरांची खाण्याची वस्तू. आपल्याकडे कोणी 'बाळ सुरळीवडी' या नावाने गायला उभा राहिला तर लोक खुर्च्या फेकतील.) निवड समितीने त्याला घेतले नाही. राखीव यादीत टाकला. मग निवडलेल्यांपैकी एका गायिकेने माघार घेतली, आणि हा आत आला. राखीव यादीचे दुःख बाहेरच्यांना कळणार नाही. मी स्वतः बँकेत लागलो तो प्रतीक्षा यादीतून. माझ्या वरच्या कोणाला तरी रेल्वेत नोकरी लागली म्हणून. त्या अज्ञात माणसाचे मी आजही भले चिंततो. तेव्हा हा पोरगा माझाच झाला. डोराची अंतिम फेरी रविवारी रात्री, म्हणजे सोमवारी बँक. तरी मी जागा राहिलो. तो भरघोस मतांनी जिंकला आणि मी अंधारात, आवाज न करता, टाळ्या वाजवल्या. सोमवारी काउंटरवर एका पेन्शनर गृहस्थांच्या नोटा मोजताना माझ्या तोंडून "एत, त्वो, त्रे" असे निघाले. स्वीडिशमध्ये एक-दोन-तीन. गृहस्थ म्हणाले, "बँकेने पुन्हा नवीन नियम काढला का?"

आई आता रात्री माझ्याबरोबर बसू लागली होती. म्हातारपणी झोप येत नाही, हे तिचे कारण. ती गाणे ऐकायची नाही, गाणाऱ्यांचे कपडे बघायची. "हिला थंडी नाही वाजत?" असे दर तीन मिनिटांनी विचारायची. एकदा मी पोरीला सांगत होतो, की आबा मंडळींना १९७३ च्या मेलोमध्ये तिसरा नंबर मिळाला, कोणी पाठवले नाही; आणि पुढच्याच वर्षी जिंकून गेले ते थेट युरोव्हिजन मारून आले. आबा म्हणजे ते चौघांचे जगप्रसिद्ध 'अ‍ॅबा'. मी आपला डोंबिवलीचा उच्चार करतो. पण आमच्या घरात 'आबा' म्हणजे आईचे सासरे. त्यांचे नाव कानावर पडताच तिने डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "ते कधी गेले होते स्पर्धेला? मला कोणी बोललं नाही."

तर त्या क्रोएशियाच्या पोराचे गाणे तिला आवडले. उड्या फार मारतो, पण चेहरा बरा आहे, असा तिचा शेरा. "काय म्हणतोय?" तिने विचारले. मी सांगितले. गाव सोडून चाललाय. आईचा, मांजरीचा निरोप घेतोय. गाय विकली म्हणतोय. क्रोएशियातली तरुण पोरे पोटासाठी देश सोडून जातात, त्यावर त्याने गंमत केली आहे.

आई जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "विकली? का कोणाकडे ठेवली?"

"विकली."

"मग नाही यायचा तो."

मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, "भाऊ मुंबईला गेले तेव्हा बैल शेजारी वाड्यात ठेवून गेले होते. दर वैशाखात यायचे, बैल बघायला म्हणून. मग पैशाची नड लागली, विकला. त्यानंतर पत्र यायचं." आणि उठून झोपायला गेली. मी लेजरमध्ये त्या रात्री शेरा लिहिला नाही.

मे महिन्यात माल्मोला मुख्य स्पर्धा झाली. भाग न घेणाऱ्या देशांतल्या लोकांनाही २०२३ पासून पैसे भरून मत देता येते, त्या सगळ्यांचा मिळून एक गट, त्याचे नाव 'उर्वरित जग'. आयुष्यात मी अनेक यादींत होतो, 'उर्वरित जग' प्रथमच झालो. पाच मते दिली. क्रेडिट कार्डाचा संदेश हिच्या फोनवर जातो, हे मी विसरलो होतो. "क्रोएशियाला पैसे कशाला पाठवलेत?" हे मध्यरात्री झोपेतून उठलेल्या बायकोला समजावणे म्हणजे काय, ते तुमच्यावर सोडतो. प्रेक्षकांनी माझ्या पोराला पहिला केला होता. परीक्षकांच्या गुणांमुळे तो दुसरा आला, स्वित्झर्लंडचा नेमो जिंकला. शेरा: अन्याय.

हे वेड घराण्यातलेच आहे, असे मी हिला सांगून पाहिले. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, बुधवारी रात्री आठ वाजता बिनाका गीतमाला ऐकताना वही घेऊन बसायचे. कुठले गाणे कितव्या पायदानावर, आठवडे किती. सरताज गीताच्या निकालावरून शेजारच्यांशी त्यांचा सहा महिने अबोला होता. मला तेव्हा रेडिओजवळ खोकायचीसुद्धा बंदी. २०२४ च्या फेब्रुवारीत, डोराच्या त्याच आठवड्यात, अमीन सायानी गेले. मी पोरीला फोनवर अण्णांच्या वहीचे सगळे सांगितले. तब्बल चाळीस मिनिटे मी बोलत होतो. ही दारात उभी राहून बघत होती. मग पोरगी म्हणाली, "बाबा, ती वही आहे अजून?" नाही. घर रंगवताना रद्दीत गेली, मीच घातली.

२०२५ चा मेलो आला. तीस गाणी. आता मी अनुभवी. यंदा मॉन्स सेल्मेरलेव्ह परत उतरला आहे, २०१५ चा युरोव्हिजन विजेता, त्याच्यापुढे कोण टिकणार, असे मी जानेवारीतच हेडकॅशियरना सांगून ठेवले होते. (त्यांनी "हो का?" म्हटले. ते नेहमी तेवढेच म्हणतात.) आणि माल्मोच्या फेरीत तिघे जण आले. काय, हे त्यांचे नाव. प्रश्न नव्हे, तिघांच्या नावांची पहिली अक्षरे. फिनलंडचे, पण तिथल्या व्हओरा नावाच्या स्वीडिश बोलणाऱ्या भागातले. गाणे कशावर? तर गरम वाफेच्या खोलीत जाऊन घाम काढण्यावर. आणि भाषा? गावठी बोली! पोरीने सांगितले, की किचनमधल्या स्वीडिश मुलांनाही निम्मे कळत नाही, पण सगळे नाचतायत. म्हणजे मालवणीत घामोळ्यावर गाणे म्हणणारे तिघे पुण्याच्या संगीत महोत्सवात उभे राहावेत तशातली गोष्ट. माझे हृदय त्यांच्याकडे गेले. आईचेही. "हे आपल्यातले वाटतात," ती म्हणाली.

आठ मार्चला शेवटची फेरी. आमच्याकडे रविवार लागलेला. आई, मी, आणि चक्क ही. "एवढं काय आहे ते बघते एकदा," म्हणून. ते तिघे जिंकले. मॉन्स दुसरा. १९९८ नंतर पहिल्यांदाच स्वीडन आपल्या भाषेतले गाणे पाठवणार होता, आणि तेही शेजारच्या देशातल्या पोरांकडून. मी फोनवर ओरडलो, "अगं, मागच्या वर्षी नॉर्वेची जुळी पाठवली, यंदा हे फिनलंडचे! तुमच्या त्या लोकांना परक्यांची पोरं फार आवडतात हां!"

तिकडे गडबड फार होती. पोरगी बाहेर गॅलरीत आली असावी. आवाज कमी झाला.

"बाबा," ती म्हणाली, "मलाही घेतलंय. कालच कळलं. जूननंतर नोकरी. दोन वर्षांची आहे आधी."

माझ्या हातात पेन्सिल होती. ही माझ्याकडे बघत होती. तिला ते आधीच ठाऊक होते, हे मला तिच्या बघण्यावरून कळले.

"वा," मी म्हणालो. "वा वा. परीक्षक कोण होते?"

"चौघं होते. दोन मुलाखती झाल्या."

"एकमताने?"

"हो रे बाबा." ती हसली. मग कामाचे सांगितले, भाड्याच्या खोलीचे सांगितले. मी पगाराला कर किती ते विचारले. बँकेतला माणूस, दुसरे काय विचारणार? शेवटी म्हणाली, "आणि बाबा, माझी ती स्कूटर. उगाच पडून आहे रे. विकून टाक ना, चांगली चालते तोवर."

आई सोफ्याच्या टोकाला बसली होती. तिला फोनमधले ऐकू येत नाही, असे आम्ही सगळे धरून चालतो.

"बघतो," मी म्हणालो. "जेवलीस का?"

"हो."

"काय जेवलीस?"

सकाळी साडेसात वाजता मी खाली गेलो. रात्री झोप झाली नव्हती. वॉचमन म्हणाला, "साहेब, आज लवकर?" स्कूटरवर धूळ होती ती पुसली. बटणाने सुरू होईना, म्हणून किक मारली. तिसऱ्या किकला लागली. पाच मिनिटे चालू ठेवायची असते. मी दहा ठेवली. वर आलो तेव्हा आई दारात उभी होती.

"लागली का?" तिने विचारले.

"लागली," मी म्हणालो.

"मग चहा ठेवते," ती म्हणाली.